चार कॅमेरे आणि एक दांडी

दाजींनी बटण जरा जास्तच दाबून धरलं आणि पालिकेच्या सभेत अख्ख्या गावाने संडासाचं दार पाहिलं.

तसं बटण साधं. टिचकी मारली की भिंतीवरचा कॅमेरा पाठ केलेल्या जागेकडे मान वळवतो. दाबून धरलं की जुनं विसरतो आणि समोर असेल ते पाठ करतो. अध्यक्षबाई बोलायला उठल्या, दाजींची बोटं घाईला आली आणि एक नंबरच्या कॅमेऱ्याने दारालाच बाईंची खुर्ची मानलं. मग बाई "स्वच्छ कारभार" म्हणाल्या की घरोघरी टीव्हीवर दार, आणि त्यातून पट्टा आवळत बाहेर येणारे उपाध्यक्ष.

पूर्वी सभागृहात कॅमेरावाले उभे असत, दाजी आणि त्यांचा मेहुणा त्यांतलेच. मग भिंतींवर चार कॅमेरे बसले आणि मागच्या खोलीत एक टेबल, कॅमेऱ्यांच्या माना हाताने फिरवायची एक दांडी आणि एक खुर्ची आली. खुर्ची दाजींना मिळाली, कारण त्यांनी कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. मेहुण्याला मिळालं "गरज लागली तर बोलावू". वास्तविक दाजींना इथे चिकटवलं त्यानेच, कॅमेरा खांद्यावर घ्यायला शिकवलंही त्यानेच. तो दाजी म्हणायचा म्हणून शिपायापासून बाईंपर्यंत सगळे दाजी म्हणू लागले. आता एकाच घरात वर-खाली राहून दोघांतून विस्तव जात नव्हता.

"काय दाजी, पुढच्या सभेला बायकांचं दाखवणार का?" मेहुणा जिन्यात विचारायचा.

"तुला तिथेच चिकटवतो," दाजी म्हणायचे.

पुढच्या सभेला बाईंनी मेहुण्यालाही बोलावलं. खांद्यावर जुना कॅमेरा, कानाला हेडफोन. दाजी चुकले की चित्र त्याचं घ्यायचं आणि खुर्चीही त्यालाच द्यायची, हे बाईंनी दोघांच्या तोंडावर सांगून टाकलं. दाजींच्या डोक्यावर हेडक्लार्क येऊन उभा राहिला, हेडफोन त्या दोघांच्याही कानाला.

"घाम फुटला का दाजी?" हेडफोनमधून मेहुणा.

"तू तुझं बघ."

"मी वाटच बघतोय."

दाजी टिचक्या मारत राहिले. सगळं सुरळीत चाललं होतं, तोच पाण्याच्या टाकीचा विषय निघाला आणि सभासद खुर्च्या सोडून मधल्या जागेत उतरले. झालं! प्रत्येक बटणाला रिकामी खुर्ची. दाजींनी दांडी धरली. पण दांडी एक आणि कॅमेरे चार. एकाची मान वळवावी तर बाकीचे तिघे शुंभासारखे बघत राहणार. खोलीला खिडकी नव्हती. आरडाओरडा कानात, भांडण नेमकं कुठे ते कळायला मार्ग नाही.

"घेऊ का मेहुण्याचं?" हेडक्लार्कने स्विचवर हात ठेवला.

मेहुण्याने आता फक्त गप्प बसायचं होतं. त्याच्यासमोर माणसांच्या पाठी होत्या, पण पाठी का होईना, माणसं होती. आणि तेवढ्यात उपाध्यक्षांनी कुणाची तरी कॉलर धरली, तीही तीन नंबरच्या नाकापासून जराशीच उजवीकडे. चित्र हुकू न देण्याची आयुष्यभराची खोड, ती कुठे जाते?

"तीन! तीन उजवीकडे घे! अरे वळव की गाढवा!"

दाजींचा हात डोक्याला न विचारताच वळला. पडद्यावर कॉलर, कॉलर धरलेले उपाध्यक्ष आणि दोघांमध्ये घंटा बडवणाऱ्या अध्यक्षबाई, अगदी चेहऱ्यासकट. हेडक्लार्कने हात मागे घेतला.

हेडफोनमधून मेहुण्याचा बारीक आवाज आला, "माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं."

खुर्ची दाजींकडेच राहिली. मेहुण्याला पुन्हा "गरज लागली तर".

घरी जेवताना दाजी धुमसत होते. "मला गाढव म्हणाला तो. हेडक्लार्कने ऐकलं."

"आणि वाचवलं कुणी?" बायकोने विचारलं.

"वाचवायचं तर नीट दाजी म्हणून वाचवावं."

"खाली जा आणि चांगला शब्द बोलून या. भाऊ आहे माझा. तुमचं काही झिजणार नाही."

दाजी उठले. जिना उतरताना त्यांनी घसा दोनदा साफ केला. मेहुण्याने दार उघडलं, पण दारातून हलला नाही.

"काय?"

"तुझा पंखा फार खडखडतो," दाजी म्हणाले. "वर झोप लागत नाही."

आणि आल्या पावली वर गेले.