नवस सासूचा, पाय सुनेचे

सकाळची ड्यूटी सुरू व्हायच्या आधी मी वॉर्डाच्या दारात उभी राहते आणि माझ्या पोरी माझ्यापुढे हात धरतात. आधी पालथे, मग उताणे. नखं वाढलेली नकोत, नेलपॉलिश नको, अंगठी नको, मनगटाला घड्याळ नको की देवाचा दोरा नको. केस जाळीत. पायात बंद बूट, तेही पुसलेले. मग विचारते, खाऊन आलीस का, पाणी प्यालीस का. कारण एकदा आत शिरलं की पाण्याची आठवण कुणाला राहत नाही, आणि मग लघवीला जळजळ होतेय म्हणून ह्याच पोरी तोंड पाडून माझ्याकडे येतात. माझ्यामागे त्या मला 'चेकनाका' म्हणतात. म्हणू देत बापड्या. नर्स नीटनेटकी दिसली की पेशंटचा जीव भांड्यात पडतो, हे मी नोकरीच्या पहिल्या वर्षी शिकले आणि अजून त्यात काही बदललेलं नाही.

घटस्थापनेच्या सकाळी एक पोरगी रांगेत मागे मागे राहत होती. चार वर्षं माझ्या हाताखाली, कामाला वाघ. तिचा नंबर आला, हात पुढे केले. हात स्वच्छ. खाली बघते तर पाय अनवाणी, आणि बूट पिशवीत.

"अगं बये, हे काय?"

"मॅडम, नऊ दिवस पायात काही घालायचं नाहीये. नवस आहे."

नवरात्रात अनवाणी फिरणारी माणसं आमच्या नाशिकला नवी नाहीत. भाजीवाला असतो, रिक्षावाला असतो, बँकेत खिडकीपलीकडची बाईही असते. कुणी हटकत नाही. पण बँकेच्या फरशीवर सुया पडत नाहीत. आमच्याकडे इंजेक्शनची कुपी फोडताना काच उडते, घाईत सुई हातातून निसटते, रक्त सांडतं. पुसणाऱ्या मावशी कितीही पुसोत, मी त्या फरशीवर माझा स्वतःचा अनवाणी पाय ठेवणार नाही.

मी तिला कपडे बदलायच्या खोलीत नेलं, दार लावलं. तेव्हा तिनं सांगितलं की तिला चौथा महिना आहे. त्याआधी दोनदा राहून गेलं होतं, हे मला माहीत होतं. दोन्ही वेळा ती ड्यूटीवरच होती आणि दोन्ही वेळा मीच तिला रिक्षात बसवून घरी पाठवलं होतं. या खेपेला तिच्या सासूनं वणीच्या गडावरच्या आईला बोलून ठेवलं होतं, की तीन महिने निभावले तर सून घटाचे नऊ दिवस अनवाणी राहील.

"मग रजा घे."

"रजा बाळंतपणाला ठेवल्यात, मॅडम. आत्ता घेतल्या तर तेव्हा काय करू?"

"मग बूट घाल."

ती रडायलाच लागली. "तिसऱ्यांदा गेलं तर मला नाही सहन होणार."

"आणि पायात कुणाची तरी सुई शिरून कावीळ झाली म्हणजे? ती तुला एकटीला होईल का? त्या पोटातल्यालाही होईल!"

दोन्हीकडून भीती एकाच गोष्टीची होती आणि मध्ये ती उभी होती. मला दया आली, पण दया आली की माझा आवाज चढतो, हा माझा स्वभाव. मी म्हटलं, "हे बघ, हे तू ठरवलेलं नाहीस, मी ठरवलंय. पाप लागलंच तर मला लागू दे. घाल बूट." तिनं डोळे पुसले, खाली बसून लेस बांधल्या आणि कामाला लागली.

तिसऱ्या माळेला दुपारी ती बाथरूममधून आली ती भिंत धरूनच. डाग दिसला होता.

मी काही देवदेव करणारी बाई नाही. घरी घट बसतात, आरतीला मी टाळ्या वाजवते, संपलं. पण त्या दुपारी मला माझंच बोलणं आठवलं. 'पाप मला लागू दे' म्हणताना माझं काय जात होतं? तिला व्हीलचेअरवर बसवून सोनोग्राफीला नेताना मी तिच्या पायातल्या बुटांकडे एकदाही बघितलं नाही.

डॉक्टरबाईंनी पडदा आमच्याकडे वळवून दाखवला. ठोके व्यवस्थित होते. गर्भाची वार जरा खाली आहे, त्यामुळे डाग दिसला, वर सरकेल, तोवर आराम करायचा, असं म्हणाल्या. बुटाचा याच्याशी काडीचाही संबंध नाही, हेही त्यांनी मी विचारल्यावर सांगितलं. आमच्याच वॉर्डात कोपऱ्यातली खाट रिकामी होती, तिथे तिला झोपवलं. ती भिंतीकडे तोंड करून पडली.

"डॉक्टर काय म्हणाल्या ते ऐकलंस ना?"

"ऐकलं," ती म्हणाली. "पण बूट घातले आणि झालं, मॅडम."

संध्याकाळी सासू आली. मखमलाबादला त्यांची झेंडूची शेती, दसरा तोंडावर, बाई वावरातून तशीच उठून आलेली. अंगाला झेंडूचा वास, पायात मातीनं भरलेल्या चपला. सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला, डबा ठेवला, आणि पहिला प्रश्न काय विचारावा? "बूट घातले व्हते का गं?"

पोरीनं डोळे मिटून घेतले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अहो बाई, नवस बोललं कोण?"

"मी बोल्ले. का?"

"मग पाय तिचे कशाला? बोलायचं तुम्ही आणि चालायचं तिनं? तिला दिवसभर दुसऱ्यांच्या रक्तातून फिरायचं असतं. तुमचे पाय कुठे गेले? तुमचे नाही चालत का देवीला?"

पेशंटच्या नातेवाइकांवर ओरडायचं नाही, हे मीच सगळ्यांना शिकवते. बाईनं माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या पायांकडे, आणि वाकून तिथल्या तिथे चपला काढायला लागली.

"इथे नाही!" मी पुन्हा ओरडले. "आधी घाला त्या! गेटबाहेर जाऊन काढा!"

शेजारच्या खाटेवरची बाई फिसकन हसली. भिंतीकडे तोंड करून पडलेल्या पोरीचेही खांदे हलायला लागले. रडतेय वाटून मी वाकून बघितलं, तर हसत होती.

"लय कडक हाय बाई तुमची मॅडम," सासू म्हणाली. उठताना सुनेला म्हणाली, "तू घाल गं बूट. आईचं मी बघते." मी खिडकीतून बघितलं. गेटबाहेर तिनं चपला काढल्या, झेंडूच्या रिकाम्या पिशवीत टाकल्या आणि डांबरी रस्त्यानं चालू लागली. त्यानंतर ती वॉर्डात आली नाही. डबा गेटवरच्या वॉचमनकडे देऊन परत जायची.

दसऱ्याच्या संध्याकाळी, फुलं विकून झाल्यावर, ती लंगडत गेटवर आली. टाचेत तार घुसली होती. मी तिला गेटजवळच्या ड्रेसिंगच्या खोलीत बसवलं, आधी शुगर तपासली, ती नशिबानं बरोबर निघाली. मग जखम धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. पायाची पार चाळण झाली होती.

"झाला दसरा," मी म्हटलं. "आता चपला घाला."

"माझं नाय संपलं. मी वाढवून घेतलंय. बाळ हाती येईस्तवर."

"वेड लागलंय का तुम्हाला?"

"तुम्हीच म्हनल्या ना, पाय तुमचे."

मी पट्टी गुंडाळत राहिले. ती हळूच म्हणाली, "राहील ना वो, शिस्टर?"

आमच्या कामात पेशंटला आणि नातेवाइकांना वचन द्यायचं नसतं. डॉक्टर सांगतील म्हणायचं आणि हातातलं काम करायचं. हे मी नखांइतकंच कडक पाळते.

"राहील," मी म्हटलं.

पोरगी दोन आठवड्यांनी कामावर आली. मी तिला बसून करायची कामं दिली, पायात बूट, समोर पाण्याची बाटली. पहिल्या आठवड्यात ती बूट घालताना थांबायची आणि खिडकीतून गेटकडे बघायची. नंतर थांबेनाशी झाली. वारही वर सरकली. थंडी पडली, आमच्याकडची थंडी म्हणजे द्राक्षांनासुद्धा शेकोट्या कराव्या लागतात, आणि ही बाई डबा घेऊन गेटवर अनवाणी उभी. टाचांना भेगा, त्यांतून रक्त. मी व्हॅसलीनची डबी नेऊन दिली. ती घेईना.

"लावणं म्हणजे घालणं नव्हे," मी म्हटलं. "मी विचारलंय देवीला."

"तुम्ही? कधी?"

"सकाळी. घ्या मुकाट्यानं."

होळी झाल्यावर एका दुपारी पोरीला कळा सुरू झाल्या. माझी ड्यूटी संपली होती, पण मी घरी गेले नाही. लेबर रूमच्या बाहेर आमचा एक रॅक आहे, त्यात आत घालायच्या हिरव्या रबरी स्लिपर असतात. दाराबाहेर त्या रॅकला टेकून सासू अनवाणीच उभी होती; त्या दिवशी मीच तिला तशी आत येऊ दिली होती. मी आत-बाहेर करत होते. दर वेळी ती माझ्या तोंडाकडे बघायची आणि मी दर वेळी म्हणायचे, "चाललंय, चाललंय." ठोके मध्येच मंदावले होते, ते मी तिला सांगितलं नाही.

मग आतून रडण्याचा आवाज आला. चांगला खणखणीत, चिडलेला. मी दार उघडलं.

"मुलगी आहे. दोघी ठीक आहेत. हात धुवून आत या."

तिनं बेसिनवर जाऊन हात धुतले, आधी पालथे, मग उताणे, सुनेकडून शिकली असणार. मग रॅकमधून दोन स्लिपर काढून खाली ठेवल्या आणि त्यांच्याकडे बघत उभी राहिली. पाय उचलेना.

"घाला की आता," मी म्हटलं.

"घालते वो," ती म्हणाली आणि तोंडाला पदर लावून ढसाढसा रडायला लागली. मग मी खाली बसले, आणि तिच्या पायांत एकेक स्लिपर घातली.