टॅबवरची तिसरी नाव

मी शाळेत भूगोल शिकवतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढची हकिकत ऐकल्यावर कुणी ना कुणी विचारतंच, की तुम्ही करता काय.

आमचं मूळ गाव नाथसागराच्या पाण्याखाली आहे. धरण झालं तेव्हा माणसं, गुरं, दारं, चौकटी, एवढंच काय, मारुतीची मूर्तीसुद्धा वर नव्या गावठाणात आली. म्हसोबा मात्र आला नाही. म्हसोबा जागा सोडत नसतो, असं जाणत्यांनी ठरवलं आणि त्याला तिथंच ठेवून सगळे निघाले. तेव्हापासून आमच्या घरातलं कुणीतरी दरवर्षी पौषातल्या एका रविवारी नाव करून जातं आणि म्हसोबाच्या बरोब्बर वर, पाण्यावर, नारळ फोडून पुरणाचा नैवेद्य सोडतं. अदमासे वर चालत नाही. बरोब्बर वर.

वडील होते तोवर ते आणि आत्या मिळून पाण्यात बांबू घालून ती जागा शोधत. मी फोटो काढत असे. वडील गेले, आत्या एकटी शोधू लागली. मी फोटोच काढत राहिलो.

मागच्या वर्षी संक्रांत झाल्यावर आत्या पुंडलिकनगरला आमच्या घरी आली, पायरीवर बसून गुडघे चोळत म्हणाली, "औंदा शेवटचं. गुडघ्यांनी जबाब दिलाय. उन्हाळा लागला की पोरगा मला पुण्याला नेणार हाय. तर औंदा तू जागा शिकून घे."

"शिकतो की, आत्या."

"शिकतो की म्हणू नको. दहा वर्षं शिकतोच हायस. माझ्यामागं जागा कुणाला ठावी नाय. तू नाय शिकलास तर देव उपाशी बसंल, अन् मी तिकडं पुण्यात बसून काय करू?"

आत्या रागावली की मला भीती वाटत नाही, सवय आहे. या वेळी ती रागावलेली नव्हती. त्यामुळं मी जरा घाबरलो.

घाबरलेला माणूस यंत्र शोधतो. माझी मुलगी इंजिनिअरिंगला आहे. तिला म्हटलं, गेल्या खेपेला धुक्यात आपल्या दोन नावांची चुकामूक झाली, आत्याची नाव पुढं जाऊन थांबली आणि नैवेद्य तासाभरानं पोचला. यावर काही तोड आहे का? (एकाच नावेत जाता येत नाही, कारण त्या मासेमारीच्या नावा, तीन माणसांच्या. नारळ आत्याकडं, आणि नैवेद्य घरच्या सुनेच्याच, म्हणजे माझ्या बायकोच्या, मांडीवर, हा आत्याचा नियम.)

मुलीनं टॅबवर एक ॲप टाकून दिलं. समुद्रावर जहाजांना आसपासची जहाजं पडद्यावर दिसतात ना, तसंच हे, पण गरिबाघरचं. नावेतल्या एका फोनवर ते चालू ठेवायचं, म्हणजे दुसऱ्या नावेतल्या टॅबवर ती नाव छोट्या त्रिकोणासारखी दिसते. किती लांब आहे, किती वेगानं, कुठं तोंड करून चालली आहे, सगळं. फार जवळ आली तर लाल वर्तुळ होतं आणि टॅब बोंबलतो.

मी त्या टॅबच्या प्रेमात पडलो. रंगीत तालीम हवी म्हणून बायकोच्या फोनवरही ते ॲप टाकलं आणि तिला भाजी आणायला पिटाळलं. मी गच्चीत टॅब घेऊन. बायको त्रिकोण होऊन गल्लीतून निघाली. ताशी चार किलोमीटर. पिठाच्या गिरणीपाशी त्रिकोण थांबला तो पंधरा मिनिटं हलेना. ती आल्यावर मी म्हणालो, "गिरणीपाशी कुणाशी बोलत होतीस एवढं?"

"तुमच्या टॅबला विचारा," ती म्हणाली आणि मेथीची जुडी माझ्यापुढं टाकली.

तालीम यशस्वी झाली असं मी ठरवलं.

रविवारी सकाळी आठला आम्ही पाण्याच्या काठाला पोचलो. धुकं असं, की काठावरची पाण्याची टाकी दिसेना. एरवी ती टाकी आणि पलीकडच्या टेकडीची खाच बघून नाव कुठं वळवायची ते ठरतं. म्हातारा नावाडी, ज्याला आम्ही सगळे मामा म्हणतो, त्यानं आभाळाकडं पाहिलं. "धुकं फाटंल, पण मंग वारं सुटंल. वारं सुटलं की लाटा, अन् लाटांत बांबू धरता यायचा नाय. धाच्या आत उरकाय पायजे."

आत्या सकाळपासून पाण्याचा थेंब न घेता बसली होती. नैवेद्य सुटेपर्यंत ती काही घेत नाही. नऊवारीवर केशरी जॅकेट चढवून ती मामाच्या नावेत बसली, माझी मुलगी फोनवर ॲप लावून तिच्याबरोबर. दुसऱ्या नावेत मी, मांडीवर डबा घेतलेली बायको, आणि वल्ही मारायला मामाची सून. पन्नाशीला टेकलेली, दंडानं माझ्यापेक्षा दुप्पट.

"सर, ती पाटी कशाला?" तिनं विचारलं.

"यात सगळ्या नावा दिसतात."

"बरं हाय. मला तर नावंचं टोकबी दिसंना."

पाचच मिनिटांत आत्याची नाव धुक्यात विरघळली. टॅबवर मात्र तिचा त्रिकोण झकास चालला होता, तीनशे मीटर पुढं. मी नुसता फुललो. बायकोला दाखवलं. ती म्हणाली, "चांगलंय," आणि डब्याचं झाकण दाबून धरलं, कारण आत कटाची आमटी होती.

तेवढ्यात टॅब बोंबलला. लाल वर्तुळ. आमच्या अगदी शेजारी आणखी एक त्रिकोण. त्यावर कुणाचं नाव लिहिलेलं नाही, नुसता एक आकडा.

"डावीकडं घ्या!" मी ओरडलो. "नाव येतेय अंगावर!"

सूनबाईनं डावीकडं घेतली. त्रिकोणही डावीकडं आला.

"उजवीकडं!"

तो उजवीकडं.

"सर, मला तर नाव दिसंना कुठं."

"धुकं आहे. कशी दिसेल?"

"दिसू नको दे. वल्ह्याचा आवाज तरी यील की."

मी उभा राहिलो आणि धुक्याला उद्देशून खणखणीत आवाजात म्हणालो, "ओ नाववाले! जरा बघून चालवा!"

एक पाणकावळा फडफडत उडाला.

"बसा हो," बायको म्हणाली. "आमटी हिंदकळतेय."

मी नाव थांबवायला लावली. तर त्यानंही थांबवली! आम्ही हळू निघालो, तोही हळू निघाला. जोरात वल्हवलं, तो जोरात. आता मला खात्री पटली की हा कुणी साधा मासेमार नव्हे. पाळतच ठेवलीय. भूगोलाच्या मास्तरावर आणि पुरणपोळ्यांवर कोण पाळत ठेवील, हा प्रश्न तेव्हा डोक्यात आला नाही. डोक्यात एकच, याला चकवायचं. डावीकडं, उजवीकडं, पुन्हा डावीकडं. सूनबाईच्या कपाळावर घाम आला, पौषात.

या गडबडीत आत्याचा त्रिकोण कुठं गेला ते मी पाहिलंच नाही. पाहिलं तेव्हा तो नऊशे मीटर मागं होता. मागं! पुढं गेलेली आत्या मागं कशी, हे कोडं सोडवतोय तोच बायकोच्या पिशवीत फोन वाजला. मुलगी. बायकोनं स्पीकर लावला.

"आई, पप्पा कुठं चाललेत? तीन वेळा गोल फिरलात तुम्ही."

मी पुढं वाकून म्हणालो, "अगं, एक अनोळखी नाव मागं लागलीय!"

"पप्पा, इथून मला तुमच्या दोन नावा दिसतायत. एकमेकींना चिकटलेल्या. आई, तुझ्या फोनवर ते ॲप चालू आहे का?"

बायकोनं फोन पाहिला. गिरणीपाशी उभं राहिलेलं ते ॲप त्या दिवसापासून तसंच चालू होतं. मधे कधीतरी त्यातलं तिचं नाव पुसलं गेलं आणि आकडा उरला. काठावर तिच्या फोनला रेंज नव्हती, पाण्यावर ती आली आणि आकडा उगवला.

"म्हणजे इतका वेळ," बायको सावकाश म्हणाली, "तुम्ही माझ्यापासून पळत होतात?"

सूनबाईनं वल्हं मांडीवर ठेवलं आणि पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलत होते.

"तसं नाही गं..."

"असू दे. पंचवीस वर्षांत काही पहिली वेळ नाही."

फोनवर आता आत्या आली. मला वाटलं शिव्या बसतील. तिचा आवाज बारीक झाला होता. "लेकरा, साडेनऊ झाले. मामा म्हणतो, वारं हलायलं. मी काय, बसंल उपाशी. पण तू आला नाय तर जागा तुला दावू कधी?"

मग मात्र गंमत संपली. बायकोनं तिचा फोन बंद केला. टॅबवर एकच त्रिकोण उरला, आत्याचा, जागच्या जागी उभा. मी दुसरं वल्हं घेतलं. मला वल्हवता येत नाही, हे सूनबाईला दोन मिनिटांत कळलं. "सर, तुम्ही आकडं वाचा," ती म्हणाली, "नाव मी वढते." मी आकडे वाचू लागलो. सातशे. जरा उजवीकडं. पाचशे. तीनशे. जे काम त्या टॅबनं पहिल्यापासून करायचं, ते तो मुकाट करत होता. माझी लुडबूड थांबायचाच काय तो अवकाश होता.

ऐंशी मीटर असताना धुक्यातून आत्याचा आवाज आला, "आले का गं वाट चुकलेले?" साठला केशरी जॅकेट दिसलं.

मामानं दोन्ही नावा दोरीनं जोडल्या. आत्यानं बांबू माझ्या हातात दिला, चांगला पंधरा फुटांचा. "सोड खाली. तळाला टोचव अन् वर घे."

मी घेतला. टोकाच्या पोकळीत काळा चिखल भरून आला होता.

"ही काळी. म्हंजे रान. इथं आपला जोंधळा व्हायचा," आत्या म्हणाली. "गाव पांढरीवर असतंय. घरं बांधून, पाडून, राख पडून माती पांढरी होती. पाण्याखाली असली तरी ती पांढरीच ऱ्हाती. चल पुढं."

आपल्याकडं गावच्या जमिनीला पांढरी आणि शेताला काळी म्हणतात, हे मी पोरांना वर्गात शिकवतो. फळ्यावर लिहून देतो. बांबूच्या टोकाला पाहिलं ते त्या दिवशी.

दुसऱ्यांदा काळीच. तिसऱ्यांदा करडी. आत्या माझ्या हाताला धरून नाव थोडी थोडी सरकवायला सांगत होती. वारा हलू लागला होता, बांबू थरथरायला लागला. पाचव्यांदा टोकात राखेच्या रंगाची माती आली. आत्यानं ती बोटावर घेतली आणि चोळली.

"ही पांढरी. आता हिच्या कडंकडंनं. म्हसोबा शिवंवर हाय."

मी कडंकडंनं टोचत गेलो. एका ठिकाणी खाली टक्क झालं. हाताला झिणझिण्या आल्या. मामानं वल्हं सोडून हात जोडले.

"आत्या, देवाला काठी मारली का मी?"

"मारलीस. पण हळू मारलीस."

नारळ नावेच्या काठावर फुटला. बायकोनं डबा उघडला. निम्मी आमटी झाकणाला लागली होती, ती म्हसोबानं चालवून घेतली. पोळी पाण्यावर तरंगत गेली, आणि आत्या आठवणीनं दोन घोट पाणी प्यायली. मुलीनं टॅबवर त्या जागेची खूण करून ठेवली. आत्यानं पडदा डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. एक त्रिकोण, एक खूण आणि बाकी सगळं निळं.

"खूण ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "पण बांबू टाकून दिऊ नको."

यंदाच्या पौषात आत्या पुण्याला होती. आम्ही नेहमीसारखे निघालो. मुलीनं आत्याच्या मुलाच्या टॅबवर आमच्या नावेचा त्रिकोण आणि ती खूण दिसेल अशी सोय करून दिली होती. खुणेपाशी पोचून मी बांबू घातला. काळी! पुन्हा घातला. काळीच. तेवढ्यात आत्याचा फोन आला.

"पुढं गेलायस. उलटा फीर. अन् सुनंचा फोन बंद कर आधी, मला हितं दोन-दोन नावा दिसायल्यात."

मी बायकोकडं पाहिलं. तिनं पिशवीकडं.

उलटा फिरलो. दोन वल्ही, मग थांबून बांबू. वर घेतला, बोटावर माती घेतली, चोळली.

"आत्या," मी म्हणालो, "पांढरी लागली."

पलीकडून ताट सरकवल्याचा आवाज आला.

"मंग सोड की नैवेद्य लवकर," आत्या म्हणाली. "मीबी सकाळधरनं उपाशीच हाय."