उघडे विषय हिरवे, बंद विषय लाल

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, ताईला तर नाहीच. लिहायला बसले तरी पहिल्या ओळीशीच हात थांबतो — वाटतं, मागे कुणीतरी उभं राहून वाचतंय. घरात कुणी नाही. नवरा कंपनीत, शिफ्टला. सायली तिच्या हॉस्टेलवर. तरी मी उठून दाराची कडी बघून आले.

भावोजी गेले. ताईचे यजमान. तापाचं निमित्त झालं, दवाखान्यात नेलं, ते परत आलेच नाहीत. रस्त्यावर नाही गेले. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे वाचताना तुम्हाला वाटत राहील की आता अपघात होणार. झाला नाही. कधीच झाला नाही. मग मी कशाला घाबरते?

भावोजी शाळेची बस चालवायचे. रामवाडीतून मुलं घ्यायची, हायवेला लागायचं, वडखळच्या पुढे शाळेत सोडायची आणि दुपारी परत आणायची. आम्हीही रामवाडीतच राहतो, ताईच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. सायली तेव्हा तिसरीत होती आणि त्याच बसने जायची. डावीकडची एक खिडकी तिची होती. भावोजी ती दुसऱ्या कुणाला घेऊ द्यायचे नाहीत.

मी रोह्याला एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. त्या वर्षी आम्ही वाचकांसाठी इंटरनेटवर चर्चेचा फोरम सुरू करायचं ठरवलं — विद्यार्थी, निवृत्त शिक्षक, गावातले वाचणारे, सगळ्यांनी पुस्तकांवर लिहावं, एकमेकांना उत्तरं द्यावीत. सॉफ्टवेअर तयार मिळालं होतं, रंग तेवढे मला ठरवायचे होते. किती जीव लावला मी त्या रंगांना! पान जुन्या कागदासारखं पिवळसर. अक्षरं काळी नकोत, गडद करडी. ज्या विषयावर चर्चा चालू आहे त्याचं शीर्षक हिरवं, करवंदाच्या पानासारखं. चर्चा बंद झाली की लाल, पण विटेसारखं. भडक काही नको, ही माझी हौस.

एका रविवारी ताई आणि भावोजी आमच्याकडे आले. ताई आत घावन घालत होती. मी भावोजींपुढे लॅपटॉप सरकवला. म्हटलं, तुम्ही पहिले वाचक, एखादा चालू विषय उघडा आणि काहीतरी लिहा.

त्यांनी बंद विषय उघडला. मग दुसरा उघडला, तोही बंद.

"काय गो, हा लिहूनच देत नाय."

"अहो, लाल नका उघडू. हिरवा उघडा."

"हिरवा कुठला? सगळं मातकट तर केलंस. लायब्ररीतली धूळ हितं पण आणलीस काय?" आणि आपल्याच विनोदावर ते हसले.

मीही हसले. हसता हसता थांबले. एकेका शीर्षकावर बोट ठेवून विचारलं — हा कुठला? आणि हा? त्यांनी एकदा आत ताईकडे बघितलं. मग आवाज उतरवून म्हणाले, "परीक्षा घेतेस काय मेव्हणीबाई? लहानपणापासून हाय ते. तुझ्या ताईला पण धड माहीत नाय."

"मग सिग्नल?"

"वरचा लाल, खालचा हिरवा. पाठ हाय."

"आणि हायवेच्या कामावर? तिथे माणसं निशाणं घेऊन उभी असतात ना?"

"निशाण कोण बघतो गो? मी माणसाचा हात बघतो." मग हातातला चहाचा कप खाली ठेवला. "बोलू नको कुठं. गाडी गेली तर मी काय करू?"

मी बोलले नाही. लायसनच्या वेळी काय केलंत, एवढंही विचारलं नाही. ते सांगतील अशी भीती वाटली.

फोरमचे रंग मात्र मी दुसऱ्याच दिवशी बदलले. चालू विषय निळे. बंद विषय फिके आणि शेजारी कुलपाचं चिन्ह. नुसत्या रंगावर काही सोडायचं नाही, हिरवा-लाल ओळखता न येणारी माणसं आपल्यातही असतात, आपला एकही वाचक अडता कामा नये — असं मी बैठकीत सगळ्यांना समजावून सांगितलं. सगळ्यांनी वाखाणलं. ग्रंथपाल मॅडम म्हणाल्या, किती बारीक विचार करता तुम्ही. वाचक चुकीच्या पानावर जाऊ नये याची एवढी काळजी होती मला! आणि रोज सकाळी बसभर मुलं —

थांबते जरा.

हायवेचं काम तेव्हा चालू होतं. ते कधी चालू नव्हतं? एक बाजू खणलेली, उरलेल्या बाजूने आळीपाळीने गाड्या सोडायच्या. दोन्ही टोकांना एकेक माणूस, त्याच्याकडे दोन निशाणं. मी रोह्याला स्कूटरने जायचे, ती आता बसच्या वेळेलाच निघू लागले. बसच्या मागे मागे. कशासाठी? मागून मी काय थांबवणार होते? तरी जायचे. पुढे खणलेला रस्ता दिसला की स्कूटर बसच्या आणखी जवळ न्यायचे. बस नीट पार झाली की मी मनातल्या मनात म्हणायचे, आजचा दिवस गेला.

मग एका सकाळी धुकं होतं. निशाणवाला नवखा होता. हात खाली सोडलेला, हातात निशाण नुसतं लोंबत होतं, आणि मान भलतीकडेच. निशाण लाल होतं. मागून, धुक्यातून, मला ते दिसत होतं. भावोजींनी वेग कमी केला. हात बघितला असणार. हात काहीच सांगत नव्हता. आणि बस पुढे निघाली.

समोरून टँकर येत होता. मी हॉर्न दाबून धरला. सायलीला वाटलं मी तिलाच हाक मारतेय — तिने खिडकीतून मागे वळून मला हात केला. नंतर टँकरच्या ब्रेकचा आवाज. तो आवाज मला अजून ऐकू येतो, कुणी खुर्ची ओढली तरी. दोन्ही गाड्या थांबल्या तेव्हा मधे एक माणूस कसाबसा उभा राहील एवढीच जागा होती. टँकरवाला खाली उतरून ओरडत होता, "आंधळा हायस काय रे? पोरं हायत ना गाडीत!" भावोजींनी आतूनच हात जोडले आणि बस मागे घेतली. मुलांना गंमत वाटली. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्या दिवसानंतर सायली त्या बसमध्ये बसली नाही.

मी भावोजींना म्हटलं, तिला बस लागते, उलट्या होतात, मी रोह्याला जातेच तर वाटेत सोडत जाईन. ते "बरं" म्हणाले. माझ्याकडे बघितलं नाही. सायली रडली. मला कुठे उलटी होते, म्हणाली. मी म्हटलं, होते, तुला कळत नाही. इतक्यांदा म्हटलं की तिला पटलं. पावसाळ्यात ती रेनकोट घालून माझ्या मागे बसायची आणि बस आम्हाला ओलांडून जायची, आतली मुलं कोरडी, हसणारी. भावोजी दोनदा हॉर्न वाजवायचे. आज सायली कुठल्याही बसमध्ये चढायच्या आधी आवळासुपारी तोंडात टाकते. मला लहानपणापासून बस लागते, असं मैत्रिणींना सांगते. तिला ते खरंच वाटतं.

तुम्ही म्हणाल, आईच ती, घाबरली. गोष्ट इथे संपली असती तर मी कदाचित काहीच लिहिलं नसतं.

बसमधली जागा रिकामी झाली होती. आमच्या शेजारी तेव्हा ओजसची आई राहायची. ओजस सायलीच्याच शाळेत, एक वर्ग मागे, रिक्षाने जायचा. एका संध्याकाळी ती कोथिंबिरीची जुडी घेऊन आमच्या दारात आली, निवडता निवडता बोलत राहिली. "सायलीची जागा मोकळी झाली म्हणे. ओजसला घालू काय? घरचेच तुमचे, म्हणून तुम्हाला विचारते. गाडी नीट चालवतात ना? आमचा एकुलता एक हाय, जीव नुसता खाली-वर होतो."

तिने सरळ विचारलं होतं. मी शोधत बसले असते तरी याहून नेमका प्रश्न सापडला नसता. नको म्हटलं असतं तर तिने का विचारलं असतं. का ते सांगितलं असतं तर भावोजींची बस गेली असती, ताईचं घर बसलं असतं, आणि इतके दिवस गप्प राहिलेली मी उघडी पडले असते. याचा विचार मी तेव्हा केला का? नाही, तो नंतर केला. तेव्हा मी फक्त घाबरले, आणि तोंडातून लगेच निघालं, "घाला की. भावोजींसारखा ड्रायव्हर मिळायचा नाही."

पुढच्या आठवड्यात ओजस त्या खिडकीत दिसला.

आणि मी बसच्या मागे जाणं सोडलं. लवकर निघू लागले, बसच्या बऱ्याच आधी. म्हणजे बघावं लागणार नाही.

मुलं मोठी झाली, शाळेतून बाहेर पडली. त्यांच्या जागी दुसरी आली, त्यांचीही मी चौकशी केली नाही. फोन वाजला की उचलायच्या आधी नंबर शाळेचा तर नाही ना ते बघायचे. अजून बघते, आता भावोजी नाहीत, कुठली बस कुठे निघालेली नाही, तरीही.

तेराव्याला निडीला त्यांच्या गावच्या घरी माणसं जमली. जो तो तेच बोलत होता — इतकी वर्षं गाडी चालवली, पोराला साधा ओरखडा नाय. ताई ऐकत होती, तिला धीर येत होता. ओजसची आई आता पेणला राहते, तिथून आली होती. बरोबर ओजस, ताडासारखा उंच, मिसरूड फुटलेला. तिने माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "तुम्ही त्या दिवशी सांगितलंत ना, म्हणून मी निर्धास्त राहिले. एक दिवस भीती नाय वाटली मला."

मला वाटली होती. रोज. पण ओजससाठी वाटली, असंही खात्रीने म्हणता येत नाही. बरीचशी भीती पकडली जाण्याची होती.

"पानं मांडलीत, बसून घ्या," मी म्हटलं. दोघं बसली. मी वाढायला घेतलं. ओजस म्हणाला, "पुरे काकू."

मला माहीत होतं. डोळ्यांनी बघितलं होतं. आणि माझी मुलगी उतरवून त्या जागेवर मी तिचा मुलगा बसवला.