आमच्या पिकअपच्या कपाळावरचा जास्तीचा शब्द

गेल्या रविवारी गोहलपूरमध्ये पेंटरकडे माझी चांगलीच तारांबळ उडाली. आमची जुनी पिकअप रंगवून तयार होती, ती घ्यायला मी पुढे गेले आणि तिचं कपाळ बघून जागच्या जागी थिजले...

आधी गाडीविषयी सांगते. माझ्या सासऱ्यांची, म्हणजे बाबांची, जबलपूरला गढ्यात रोपांची नर्सरी आहे. कुंड्या, माती, शेणखत, रोपं, सगळं हिच्यातूनच जातं. डावीकडचं दार फक्त बाहेरून उघडतं, हॉर्न मनात आलं तरच वाजतो, आणि मागच्या फाळक्याच्या फटीत साचलेल्या मातीत एक सदाफुली उगवली आहे... तिला कोणी हात लावायचा नाही असा घरचा नियम आहे.

समोरच्या काचेच्या वर लाल अक्षरांत एकच शब्द होता, 'आई'. मी साताऱ्याची, आमच्याकडे दर चौथ्या गाडीवर असं काही लिहिलेलं असतं, त्यामुळे मला त्याचं नवल वाटलं नव्हतं. सासर मराठीच, पण गाव पडलं हिंदी... इथे 'आई' म्हणजे 'आली'. आमच्या चौकातले चहावाले गाडी दिसली की विचारायचे, "कौन आई?" बाबा नुसते हसायचे, अर्थ कधी कोणाला सांगितला नाही.

तो शब्द त्यांनी स्वतःच्या आईसाठी लिहून घेतला होता. या आमच्या आजींना फिरायची भारी हौस... गाडी रिछाईच्या कारखान्यात कुंड्या पोचवायला निघाली तरी त्या चप्पल घालून तयार. "मले घेऊन चाल" म्हणत पुढच्या सीटवर चढायच्या आणि मांडीवर तुळशीचं रोप घेऊन ऐटीत बसायच्या.

गेल्या हिवाळ्यात आजी गेल्या. त्यानंतर बाबांनी पिकअपला हातच लावला नाही. कधी बॅटरी उतरली म्हणायचे, कधी टायर बसले म्हणायचे... रोपं भाड्याच्या टेम्पोतून जायला लागली. आणि एक दिवस जेवताना म्हणाले, भंगारात देऊन टाकू.

मला ते अजिबात सहन झालं नाही. गाडी गेली तर बाबा आणखी घरात बसणार हे दिसतच होतं. मग मीच मध्ये पडले... एकदा दुरुस्त करू, रंगवू, तुम्ही चालवून बघा, नाही वाटलं तर खुशाल द्या. खूप मागे लागल्यावर ते कसेबसे तयार झाले.

रंगाची जबाबदारी अर्थातच माझ्या गळ्यात पडली. पेंटरभैयांना मी बजावून सांगितलं होतं की कपाळावर जे आहे ते जसंच्या तसं पुन्हा लिहा.

आणि रविवारी बघते तर काय... 'फिर आई'.

भैया खुशीत होते. म्हणाले, "दीदी, अकेला 'आई' अधूरा लग रहा था. गाड़ी ठीक होके लौट रही है, तो मैंने 'फिर' जोड़ दिया." दोन्ही बाजूंना एकेक कमळही काढलं होतं बिचाऱ्याने. रागवायची सोयच नव्हती.

पण बाबांच्या आईचं चक्क हिंदी क्रियापद झालं होतं! आणि बाबा मागून येतच होते... हे वाचलं की गाडी तिथेच सोडून ते घरी जाणार आणि पुन्हा हिचं नाव काढणार नाहीत, याची मला खात्रीच वाटायला लागली.

मी भैयांकडून थिनर मागून घेतलं, चिंधी भिजवली आणि बंपरवर पाय ठेवला... तेवढ्यात बाबा पोचले.

ते समोर उभे राहून वाचत राहिले. ओठ हलले, मग पुन्हा हलले... मी घाईघाईने सांगून टाकलं की चूक झाली आहे, आत्ता पुसते.

"काहून पुसून राहिली?" बाबा म्हणाले. "बरोबरच त लिहिलं त्यानं. फिर, आई... आता पाहिजे तितकी फिर."

मला समजायला जरा वेळ लागला. भैयांनी हिंदीत लिहिलं होतं आणि मी घरची मराठी असून इतका वेळ हिंदीतच वाचत होते... बाबांनी तेच दोन शब्द मराठीत वाचले. मग मला रडू आणि हसू एकदमच आलं. भैया मात्र पार गोंधळून थिनरच्या डब्याचं झाकण लावत होते.

बाबांनी बाहेरून दार उघडून मला बसवलं. किल्ली फिरवली आणि इतके महिने रुसलेली ती गाडी एका दमात सुरू झाली. आजी तुळस घेऊन बसायच्या, मी थिनरची चिंधी घेऊन बसले...

गढ्याच्या चौकात चहावाल्यांनी नवा रंग बघून हात केला. "अच्छा, फिर आई?"

बाबांनी गाडी हळू केली आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "हाँ भैया. माँ आई है."

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी कोणाला अर्थ सांगितला. तेवढ्यात हॉर्नही वाजला, कोणी न दाबता... त्याच्या मनात आलं असेल.

पेंटरभैया, तुम्ही ही पोस्ट वाचणार नाही, आणि वाचली तरी ही मराठी तुम्हाला अर्धीच कळेल. पण तुम्ही माझं ऐकलं नाहीत, त्याबद्दल आमच्या सगळ्या घराकडून मनापासून थँक यू... आई रोज फिरतेय.