तेरा टक्के कुठं गेले

चौथ्या दिवशीही संध्याकाळी गाडीच्या पडद्यावर अठराच टक्के उरले होते. मी वहीत आकडा लिहिला, खाली रेघ मारली आणि मॅडमच्या केबिनमध्ये गेलो.

मी बेळगावातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये ऑपरेशन्स बघतो. म्हणजे रक्त तपासणं सोडून बाकी सगळं. जनरेटर, फ्रीज, रजेचे अर्ज आणि गाडी. मॅडम लॅबच्या मालक आणि स्वतः डॉक्टर. आमची गाडी रोज सकाळी सव्वासहाला निघते, घरोघरी जाऊन पेशंटचं रक्त गोळा करते, दुपारी काकतीच्या कलेक्शन सेंटरला जाऊन येते. दिवसाचे ब्याण्णव किलोमीटर. जुनी डिझेल व्हॅन थकली होती, म्हणून बाजारातली सगळ्यांत स्वस्त इलेक्ट्रिक हॅचबॅक आम्ही ट्रायलवर घेतली होती. हॅचबॅक म्हणजे मागं वेगळी डिकी बाहेर न आलेली छोटी गाडी.

मॅडमची अट एकच होती. रात्री एकदा चार्ज केल्यावर दिवसभराचं काम होऊन संध्याकाळी बॅटरीत निदान पंचवीस टक्के उरले पाहिजेत. हा आकडा मीच काढून दिला होता. रात्री लाईट गेली आणि चार्जिंग झालंच नाही, तर सकाळी उपाशीपोटी बसलेले पेशंट तरी झाले पाहिजेत. शुगरचा माणूस चहासुद्धा न घेता दाराकडं डोळे लावून बसलेला असतो. हे पेशंट साडेआठपर्यंत संपतात, तोवर गाडी अठ्ठावीस किलोमीटर फिरते. तेवढ्याला पंचवीस टक्के लागतात.

"कांबळे, चार दिवसांचे आकडे?" मॅडमनी विचारलं.

"अठरा, सतरा, एकोणीस, अठरा."

"म्हणजे फेल."

"आत्तापर्यंत फेल."

"मग ती एजन्सीच बरी. आठवडा संपला की मी त्यांना हो म्हणते."

एजन्सी म्हणजे कॉन्ट्रॅक्टची गाडी. गाडी त्यांची, चालकही त्यांचाच. तसं झालं की आमचे चालक परशराम आप्पा घरी बसणार होते. आप्पा छप्पन्न वर्षांचे. मूळचे खानापूर भागातले. तरुणपणी लाकडाचे ट्रक चालवले, मग निपाणीत तंबाखूचे, गेली अकरा वर्षं आमच्याकडं. साठीला चार वर्षं बाकी होती. त्या वयात दुसरीकडं कुणी ठेवून घेणार नाही हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. ट्रायल कशासाठी चालली आहे तेही त्यांना माहीत होतं.

म्हणूनच मला कोडं पडलं होतं. आप्पांइतकं जपून गाडी चालवणारा माणूस मी बघितलेला नाही. निपाणीचे त्यांचे जुने मालक त्यांना 'डिझेलच्या नुसत्या वासावर गाडी चालवणारा' म्हणायचे. या चार दिवसांत तर त्यांनी एसीसुद्धा लावला नव्हता. आमची टेक्निशियन रंजना, जी घरोघरी जाऊन रक्त काढते, ती रोज घामाघूम होऊन उतरायची.

"सर, आइसबॉक्समधी सॅम्पल थंड, आणि बाहेर मी शिजतीया," ती म्हणाली.

"गप बस गं," आप्पा म्हणाले. "चार दिस घाम आला तर वितळत न्हाईस."

बाकी बाबतीत गाडी पास होत होती. आइसबॉक्स मागच्या सीटवर नीट बसत होता. शहापूरच्या बोळात ती एका दमात वळत होती. स्पीडब्रेकरला खाली घासली ती एकदाच, तेही शोरूममधून आणताना तिघं बसलो होतो तेव्हा. आवाज नसल्यामुळं खडेबाजारात माणसं बाजूला होत नव्हती, पण ती हॉर्न दिल्यावरही होत नाहीत. अडलं होतं ते फक्त बॅटरीवर.

आता थोडा हिशेब सांगतो. घरच्या लाईट बिलात जे युनिट असतं तेच इथं. या गाडीच्या बॅटरीत एकोणीस युनिट मावतात. अट पाळायची तर एका युनिटला साधारण साडेसहा किलोमीटर पडायला हवेत. आप्पांना सहासुद्धा पडत नव्हते. कंपनीच्या कागदावरचा आकडा याच्या दुपटीहून जास्त होता, पण तो आकडा गाडी कारखान्यात फिरत्या रोलरवर पळवून काढतात. तो मी सुरुवातीलाच वहीतून खोडला होता.

शोरूमच्या मुलीला फोन केला. ती म्हणाली, "सर, ते ड्रायव्हिंग स्टाईलवर डिपेंड असतं."

"आमचा चालक गावातला सगळ्यांत जपून चालवणारा आहे."

"मग रोड कंडिशनवर असेल सर."

पाचव्या दिवशी आप्पांना भावकीतल्या लग्नाला जावं लागलं. गाडी मी चालवली. मला गाडी चालवता येते, एवढंच म्हणता येईल. तुलना बरोबर व्हावी म्हणून रस्ते तेच ठेवले आणि एसी बंद ठेवला.

"तुमीबी?" रंजना म्हणाली आणि खिडकीची काच खाली केली.

संध्याकाळी पडद्यावर एकतीस टक्के होते. मी गाडी बंद करून पुन्हा चालू केली. एकतीसच. किलोमीटर बघितले. ब्याण्णव.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंजनानं आप्पांना पार्किंगमध्येच बातमी दिली. "आप्पा, सरांनी एकतीस काढले."

"कोण? हे साहेब?" आप्पा हसले. "व्हॅन मागं घेताना तीनदा बंद पाडणारे?"

"तेच. तेरा टक्के जास्त."

आप्पांचं हसू गेलं. माझ्याकडं वळून ते म्हणाले, "साहेब, खरं सांगा. मधी कुठं चार्जिंगला लावलासा काय?"

"नाही आप्पा."

"मग मला गाडी येत न्हाय म्हणायचं. पस्तीस वर्षं झाली स्टेअरिंग धरून."

मी वही घेऊन त्यांच्या शेजारी बसलो. रंजना मागं बसली.

आप्पा नेहमीसारखे सुंदर चालवत होते. पुढची रिक्षा कुठं थांबणार ते त्यांना रिक्षावाल्याच्या आधी कळत होतं. रेल्वेच्या पुलावर चढताना त्यांनी जरा जोर दिला, माथ्यावर पोचलो, आणि त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं खाली गेली. या गाडीत गिअरचा दांडा नाही, गोल नॉब आहे. पुढं जायला डी, मागं जायला आर, मध्ये न्यूट्रलचा एन. आप्पांनी न बघता तो डी वरून एन वर फिरवला. गाडी पुलावरून आपोआप घरंगळत उतरली. खाली त्यांनी ब्रेक लावला आणि नॉब पुन्हा डी वर आणला.

"आप्पा, हे काय केलासा?"

"काय?"

"नॉब फिरवलासा."

"न्यूट्रल मारलो. उतार हाय की."

पुढं सिग्नलच्या आधी तेच. स्पीडब्रेकरच्या आधी तेच. मी वहीत रेघा ओढायला लागलो. दुपारपर्यंत त्रेसष्ट रेघा झाल्या.

आमच्या भागातल्या जुन्या ट्रकवाल्यांची ही रीत आहे. थोडा जोर देऊन गाडीला गती द्यायची, उतार दिसला की न्यूट्रल मारायचं आणि पुढचं अंतर फुकटात कापायचं. वंटमुरीच्या घाटात बेळगावहून निपाणीकडं उतरताना अशानं किती डिझेल वाचतं यावर चालक पैजा लावत. कायद्यानं हे चूक आहे आणि घाटात धोक्याचंही. पण आप्पा त्यातूनच नावारूपाला आले होते.

इलेक्ट्रिक गाडीत मात्र उलटं असतं. डी वर असताना अ‍ॅक्सिलरेटरच्या पायडलवरून पाय काढला की मोटरच डायनॅमो होते. सायकलचं चाक फिरलं की जसा दिवा लागतो, तसं गाडीचं चाक मोटरला फिरवतं आणि वीज परत बॅटरीत जाते. याला रिजनरेशन म्हणतात. न्यूट्रलमध्ये मोटर सुटी पडते, मग ही वीज तयारच होत नाही. सगळी गती ब्रेकमध्ये तापून वाया जाते. म्हणजे नोकरी टिकावी म्हणून आप्पा जो जीव तोडून प्रयत्न करत होते, त्यानंच गाडी नापास होत होती.

काकतीला सॅम्पल घेऊन झाल्यावर मी त्यांना हे सांगितलं.

"न्यूट्रलमधी गाडी काय खाती? सांगा."

"काही नाही."

"मग झालं की!"

"खात नाही, पण परत भरतही नाही."

"साहेब, उतारावर टाकी भरती असली गाडी मी बघितली न्हाय."

"मग बघूया. वंटमुरी जवळच आहे."

"चला तर!" रंजना म्हणाली. "पण एसी लावा."

एसी लावला नाही. घाटाच्या माथ्यावर गाडी थांबवली. पडद्यावर त्रेपन्न टक्के. आप्पांनी त्यांच्या रीतीनं, न्यूट्रलमध्ये उतरवली. मला ते आवडलं नाही, पण रस्ता मोकळा होता. खाली त्रेपन्नच.

"बघा. एक टक्काबी खाल्ली न्हाय," आप्पा म्हणाले.

वळून वर आलो. चढात चार टक्के गेले. एकोणपन्नास. आता डी वर, पाय पायडलवरून वर. गाडी स्वतःच मागं ओढल्यासारखी संथ उतरत होती, ब्रेकची गरज क्वचितच लागली. खाली पोचलो तेव्हा पडद्यावर पन्नास होते.

आप्पांनी गाडी कडेला घेतली. पडद्यावर बोट टेकवून आकडा दोनदा वाचला. मागून रंजनानंही वाकून बघितलं.

"म्हंजे चार दिस मीच तिला नापास करत हुतो."

"हो," मी म्हणालो.

"पण डिझेलला माझं बरोबर हुतं. व्हय का न्हाय?"

नव्या डिझेल गाड्यांत उतारावर गिअरमध्ये असताना पाय काढला की डिझेल आपोआप तुटतं. न्यूट्रलमध्ये उलट थोडं जळत राहतं. म्हणजे आमच्या व्हॅनलाही अकरा वर्षं त्यांचं बरोबर नव्हतं. "जुन्या ट्रकला बरोबर होतं," मी म्हणालो. हे खरं आहे. पुढचं मी सांगितलं नाही.

आता अडचण माझी होती. रिपोर्टमध्ये 'गाडी योग्य, चालकाच्या पद्धतीमुळे आकडे कमी' असं लिहिलं असतं, तर मॅडमनी गाडी घेतली असती आणि चालक बदलला असता. आणि कारण न लिहिता नुसता माझा एकतीस पुढं केला असता, तर ते खोटं झालं असतं. रोज गाडी मी चालवणार नव्हतो. मी शोरूमकडून तीन दिवस वाढवून घेतले. मॅडमना म्हणालो, "चालवण्याची पद्धत बदलून बघतोय. शनिवारी सांगतो."

"शनिवारनंतर नाही," त्या म्हणाल्या.

पद्धत बदलणं आप्पांना पटलं होतं, त्यांच्या बोटांना पटलं नव्हतं. पुलाच्या माथ्यावर हात आपोआप खाली जायचा. रंजनानं नॉबवर मायक्रोपोर चिकटवला, सुई काढल्यावर लावतो तो कागदी टेप.

"आप्पा, आता हात लावलासा तर तुमचंच रक्त काढती."

"काढ गं. शुगर तर तपासून हुईल."

तरी पहिल्या दिवशी अकरा वेळा हात गेला. संध्याकाळी चोवीस टक्के. आप्पांनी पडदा बघितला आणि किल्ली माझ्या हातात दिली.

मॅडमनी वही मागवली. "चोवीस? एका टक्क्यानं काय होतंय कांबळे, पंचवीस लिहा."

"चोवीस आहेत मॅडम."

"तुम्हाला आप्पा हवेत की नकोत?"

"हवेत. पण पडदा चोवीस दाखवत होता."

दुसऱ्या दिवशी तीन वेळा हात गेला. अठ्ठावीस टक्के. तिसऱ्या दिवशी एकदाही नाही. तीस.

शनिवारी मी, घाटात फिरलो तो दिवस सोडून, सगळे आठ आकडे एका कागदावर लिहून, आता कारणासकट, मॅडमच्या टेबलावर ठेवले. त्यांनी आधी कारण वाचलं, मग आकडे.

"म्हणजे दोष चालकाचा होता."

"चार दिवस होता. पुढच्या तीन दिवसांत त्यांनी तो काढला. छप्पन्नाव्या वर्षी. एजन्सीचा चालक उतारावर काय करतो ते आपल्याला माहीत नाही."

मॅडमनी पेनानं चोवीस, अठ्ठावीस, तीस यांखाली रेघ ओढली. "आम्ही एका रिपोर्टवर औषध बदलत नाही," त्या म्हणाल्या. "तीन रिपोर्ट एका दिशेला जात असतील तर विश्वास ठेवतो. गाडी घ्या. आप्पांना सांगा."

मी खाली जाऊन सांगितलं. आप्पा म्हणाले, "बरं." मग नॉबवरचा टेप नखानं खरवडून काढायला लागले. डेमो गाडी स्वच्छ करून परत द्यायची होती.

नव्या गाडीला आता सात महिने झाले. आप्पांचा आकडा माझ्यापेक्षा दोन टक्क्यांनी चांगला येतो. मी तपासून बघितलं आहे. वाहन तपासणीचा आमचा फॉर्म मीच तयार केलेला, त्यात टायरच्या हवेपासून आरशापर्यंत बावीस रकाने होते. त्यात मी तेविसावा वाढवला आहे: 'चालवण्याची पद्धत पाहण्यासाठी चालकाच्या शेजारी कोण बसले होते?' पहिल्या चार दिवसांच्या फॉर्मवर तिथं 'कोणी नाही' असं मी नंतर लिहिलं आणि खाली माझी सही केली.