पाळीच्या दिवशीची टाचणी

पाण्यावरून एक निळी काडी तरंगत चालली आहे असं वाटावं, आणि त्या काडीनं मधेच अधांतरी थबकून दिशा बदलावी... टाचणी मी पहिल्यांदा पाहिली ती अशी, मानवतकडच्या आमच्या गावात, कालव्याच्या चारीवर. चतुर बसतो तो पंख पसरून, आल्यागेल्यानं बघावं म्हणून. त्याच्याच कुळातली टाचणी बसते पंख पाठीवर मिटून, इतकी बारीक की नजर जरा हलली की ती गायबच. चौथीनंतरच्या त्या उन्हाळ्यात मी तिच्यापायी खुळी झाले होते. शेवाळाचा आणि तापल्या चिखलाचा वास अंगाला लागेपर्यंत काठानं हिंडायची. सकाळी लख्ख ऊन, घटकेत आभाळ भरून येई, वावटळ उठे, चार थेंब पडत आणि पुन्हा ऊन — अशा लहरी हवेत टाचण्या कधी घोळक्यानं दिसत, कधी दिवसदिवस दिसत नसत.

विहाराला बुद्धजयंतीचा चुना लागत होता, त्याच दिवसांत आमच्या पाण्याची पाळी आली. भुईमूग शेंगा भरण्यावर होता आणि पाणी मिळणार होतं फक्त तीन तास. शेजाऱ्याच्या उसापलीकडे, आमच्या वाफ्यांत, माय फावडं घेऊन वाट बघत उभी होती. पाणी वाटून देणारा पाटकरी जयभीम घालून, वेळ बजावून सायकलवर निघून गेला. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, चारीच्या दाराला हात घातला, आणि मी तो हात धरला.

दार गळकं होतं, त्यामुळे त्याच्या तोंडाशी कायम डबकं असे. त्या डबक्यातल्या लव्हाळ्यावर एक मातकट किडा चढून बसला होता आणि त्याची पाठ उकलत होती. आधी डोकं बाहेर आलं, मग छाती, मग पाय... आणि मग त्यातून निघालेली टाचणी मागे कलंडून तशीच निश्चल राहिली, मेली की काय असं वाटण्याइतकी. आबांनी लव्हाळ्याची ती काडी उपटून बाजूला ठेवायला हात पुढे केला आणि मागे घेतला. "हिसका बसंल," म्हणाले, "दार उघडलं तर वाहून जाईल. थांबू जरासं."

ते उकिडवे बसले. माझ्या आबांना मी तोवर रिकामं बसलेलं पाहिलंच नव्हतं. पिळून ठेवलेल्या ओल्या पदरासारखे तिचे पंख कणाकणानं उलगडत गेले, पारदर्शक झाले, त्यांवरच्या रेघा मोजाव्यात इतक्या स्पष्ट. आम्ही श्वाससुद्धा जपून घेत होतो. एवढंसं काही, पाण्यातून येऊन हवेचं होत होतं, आणि ते आमच्या बांधावर, आमच्यासमोर!

"हिला रंगच न्हाई," मी हळूच म्हणाले.

"आत्ताच तर आलीय. येईल की दमानं."

तेवढ्यात आभाळ काळवंडलं, वारा सुटला. आबांनी खांद्यावरचं उपरणं काढून तिच्या आडोशाला धरलं. पाऊस पडला तर पिकाचंही भागेल, असं त्यांच्या मनात असावं... पण चार थेंब शिंतडून ढग पूर्णा नदीकडे निघून गेले. ऊन पडलं. तिनं पंख एकदा उघडले, मिटले, आणि डळमळत लव्हाळ्याच्या शेंड्यावरून निघून गेली.

दार उघडलं तेव्हा तासभर गेला होता. शेवटचे तीन वाफे कोरडे राहिले आणि आठवड्यात करपले. माय रडली. डोळा लागला होता, असं आबांनी तिला सांगितलं. मी खाली मान घालून उभी राहिले. पुढे वर्षानुवर्षं, पाहुण्यांसमोरसुद्धा, पाण्याच्या पाळीला झोपणारा माणूस म्हणून ती त्यांना टोमणे मारायची आणि ते नुसतं हसायचे.

आबांना जाऊन आता दोन वर्षं झाली. चारी सिमेंटची झाली, दार बदललं, लव्हाळं गेलं. तिथं टाचणी दिसत नाही; मी दर उन्हाळ्यात जाऊन बघते. परवा मायला सगळं सांगितलं. आबा झोपले नव्हते, एवढं तरी तिला कळावं, असं मला फार वाटत होतं. वाटलं, ती चिडेल, नाहीतर रडेल.  पण पंख कसे उलगडले ते तिनं पुन्हा एकदा सांगायला लावलं, आणि मी सांगितलं.

"मंग मला कामून हाक न्हाई मारली?" माय म्हणाली. "मी उसाच्या पल्याडच तर व्हते."