उस्तादचा डावा खांदा

पेपरात खेळाच्या पानावर दोन फोटो शेजारी शेजारी छापले होते. एक उस्तादचा, एकतीस वर्षांपूर्वीचा. दुसरा, ज्याला आता सगळे ‘छोटा उस्ताद’ म्हणतात त्या पोराचा, गेल्या महिन्यातला. दोघांचाही डावा हात कमरेशी सैल सोडलेला, हनुवटी उघडी, ओठांवर जेमतेम हसू. खाली तक्ता होता: उंची, वजन, हाताची लांबी, जिंकलेल्या लढती. वर मथळा: ‘तेच आमंत्रण, तोच रुबाब’.

मामांनी बातमी वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली.

“रुबाब म्हणे!” ते स्वतःशीच म्हणाले. “काडी लावा त्या रुबाबाला.”

मामा म्हणजे क्लबात कुणाचेही सख्खे मामा नव्हेत. सरकारी इस्पितळाच्या प्लॅस्टर खोलीत त्यांनी चौतीस वर्षं नोकरी केली. दिवसभर मोडलेली हाडं बांधायची आणि संध्याकाळी बॉक्सिंग क्लबात येऊन, मोडू नयेत म्हणून धडधाकट हात बांधायचे, असा त्यांचा क्रम. इस्पितळातून निवृत्त होऊन चार वर्षं झाली. क्लबातून कुणी निवृत्त केलं नाही, म्हणून ते येत राहिले. खुर्ची उलटी ठेवायची, खेळाडूने तिच्यावर घोड्यावर बसल्यासारखं बसायचं, पाठीवर हात टेकवायचा. मनगटापासून सुरुवात, मग एकेका बोटामधून, मग मुठीच्या हाडांवर कापडाची घडी, वर चिकटपट्टी. एका हाताला बारा मिनिटं. तेवढ्या वेळात कुणाचा हात थरथरतो, कुणाला रात्री झोप लागलेली नाही, कुणाचं घरी भांडण झालंय, हे मामांना न विचारता कळतं. उस्तादचा हात त्यांनी बांधला होता आणि या पोराचाही तेच बांधत होते. त्या दोघांची तुलना करायचा हक्क जगात एकाच माणसाला असेल तर तो मामांना होता. त्यांना मात्र कुणी विचारलं नव्हतं.

उस्तादचं ‘आमंत्रण’ या खेळात दंतकथा झालं आहे. डावा हात खाली सोडून तो समोरच्याला जणू म्हणायचा, ये, मार. समोरचा मारायला आला की उस्ताद जागेवर नसायचा. त्यावर लेख आले, भाषणं झाली. हे धैर्य आहे, ही कला आहे, हा माज आहे पण कमावलेला माज आहे. गेल्या तीस वर्षांत किती पोरांनी आरशासमोर उभं राहून डावा हात खाली सोडला असेल, त्याची गणती नाही.

खरी गोष्ट अशी होती की तो हात वर जातच नव्हता.

मोठ्या लढतीच्या तीन आठवडे आधी सरावात उस्तादचा डावा खांदा गेला. मामांनी त्याला दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, मागच्या दाराने प्लॅस्टर खोलीत आणलं. हाडांच्या डॉक्टरांनी हात वर करायला सांगितला. छातीपर्यंत आला, पुढे उस्तादच्या डोळ्यांतून पाणी आलं. स्नायू फाटलाय, डॉक्टर म्हणाले. शस्त्रक्रिया करा, सहा महिने रिंगचं नाव काढू नका. उस्ताद चोवीस वर्षांचा होता. त्याने मामांकडून शपथ घेतली, खांद्याला शर्टाखालून पट्टा बांधून घेतला आणि लढतीला उभा राहिला. हात वर ठेवता येत नाही म्हणून खाली सोडला. चेहरा वाचवायला पाय दुप्पट पळवले. समोरचा बिचारा आठही फेऱ्या सापळा शोधत राहिला आणि गुणांवर हरला. दुसऱ्या दिवशी पेपरांनी त्या लुळ्या हाताला ‘आमंत्रण’ असं नाव दिलं.

पुढच्या पाच लढती तो तसाच खेळला. चेहऱ्याची डावी बाजू उघडी, समोरच्याचा उजवा ठोसा तिथेच. सत्ताविसाव्या वर्षी त्याने खेळ सोडला. शिखरावर असताना सोडला, असं लिहून आलं. डाव्या कानाने त्याला ऐकू येत नाही म्हणून तो उजवा कान पुढे करतो. त्यालाही एका लेखकाने ‘मान तिरकी ठेवून ऐकण्याची राजेशाही लकब’ म्हटलं आहे. मामांनी ते कात्रण वाचलं, आणि मिठाची गुळणी धरून बसले. शपथ होती.

हे पोरगं पंधराव्या वर्षी क्लबात आलं तेव्हा दोन्ही हात गालांशी घट्ट धरायचं. डाव्याचा सरळ ठोसा असा की मामा हातातलं काम टाकून बघायचे. मग दोन वर्षांपूर्वी कुणीतरी त्याचा एक व्हिडिओ पसरवला, सरावात दमून त्याने हात क्षणभर खाली सोडला होता तेवढाच. ‘हा तर दुसरा उस्ताद!’ तेव्हापासून क्लबाचे सर त्याचा हात खाली ओढत होते. पोरगं जिंकत होतं, कारण समोर जेमतेम खेळाडू येत होते. गेल्या महिन्यातल्या लढतीत मात्र एक उजवा ठोसा नीट बसला. लढत जिंकून तो खोलीत आला. मामा कात्रीने पट्ट्या कापत असताना त्याने विचारलं, “मामा, जिंकलो ना?”

“जिंकलास.”

दुसऱ्या हाताची पट्टी निम्मी कापून होते न होते तोच त्याने विचारलं, “मामा, जिंकलो ना?”

मामांनी हे सरांना सांगितलं. सर म्हणाले, आनंदाने वेडा झालाय तो. आता नऊ दिवसांवर पुढची लढत होती, एका वेल्डरशी. त्या वेल्डरच्या उजव्या हाताने यंदा तीन जण स्ट्रेचरवरून बाहेर गेले होते.

मामा पेपर घेऊन सरांच्या टेबलाशी गेले.

“सर, पोराचा डावा वर घ्या.”

“कुणाचा?” सरांनी मोबाइलमधून डोकं न काढता विचारलं.

“माझ्या आजोबांचा! तुमच्या छोट्या उस्तादचा.”

“मामा, तो हात खाली आहे म्हणून हॉल भरतो. वर घेतला तर त्याच्यासारखी छप्पन्न पोरं पडली आहेत.”

“त्या छप्पन्न पोरांना आपण जिंकलो की हरलो एवढं तरी आठवतं.”

“बॉक्सिंग आहे, भातुकली नाही. मार बसणारच. उस्ताद नाही का अख्खी कारकीर्द तसा खेळला?”

मामांच्या जिभेवर आलं होतं. त्यांनी पेपराची घडी घातली.

“मामा,” सर समजुतीच्या सुरात म्हणाले, “तुम्ही मनगटापर्यंतचं बघा. मनगटाच्या वरचं माझ्याकडे.”

घरी मामी शिलाई मशीनवर पडद्याची कड मारत होत्या. मामांनी पाणी मागितलं नाही, बातम्या लावल्या नाहीत, तेव्हा त्यांनी पाय थांबवला. “अहो, कुणी काही बोललं का?”

एकतीस वर्षांत पहिल्यांदाच मामांनी ती गोष्ट तोंडाबाहेर काढली. मामींनी दोरा तोडला.

“म्हणजे त्या एका माणसाचा तोरा राहावा म्हणून पोरं हात खाली सोडून मार खातात, आणि तुम्ही त्यांच्या हातांना पट्ट्या बांधून पाठवता?”

“शपथ दिलीये गं.”

“त्या पोराच्या आईला सांगाल उद्या, शपथ होती म्हणून?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा उस्तादच्या दुकानात गेले. खेळाच्या सामानाचं दुकान. पाटीवर एका माणसाची काळी आकृती, डावा हात सैल सोडलेली. उस्ताद गल्ल्यामागे बसला होता. पोट सुटलेलं, केस काळे केलेले. वरच्या फळीवरचा बुटांचा खोका काढायला त्याने नोकराला हाक मारली. मामांनी ते पाहिलं.

“मामा! बस बस. या बाजूला बस,” उस्तादने उजवा कान पुढे केला. “पुढच्या आठवड्यात लढतीला मी प्रमुख पाहुणा आहे, कळलं ना? तुमच्या पोराला आशीर्वाद देणार. अगदी माझ्यासारखा खेळतो रे!”

“तुझ्यासारखा नाही खेळत. त्याचा खांदा शाबूत आहे.”

उस्तादने नोकराला चहा आणायला पिटाळलं.

“हळू बोल.”

“तूच सांग त्याला. चार लोकांत नको, एकट्याला बोलावून सांग. तू सांगितलंस तर तो ऐकेल.”

“काय सांगू? पांगळा होतो म्हणून?”

“दुखत होतं म्हणून. त्यात लाज कसली? एका हाताने जिंकलास, ते काय कमी आहे?”

“लोकांना एका हाताचा नकोय मामा. लोकांना आमंत्रण हवंय.” उस्तादने पाटीच्या दिशेने मान हलवली. “ते काढून घेतलंस तर माझ्याजवळ राहतं काय?”

“आणि त्या पोराजवळ? तुझ्यासारखा बहिरा कान?”

उस्तादचा चेहरा दगडासारखा झाला. “तू बोललास तर मी नाही म्हणेन. बघू, कुणाचं खरं मानतात.”

मामा चहाची वाट न बघता उठले. तळपायाची आग मस्तकात गेली होती. अर्धा रस्ता चालल्यावर त्यांच्या लक्षात आलं, त्या आगीतली निम्मी स्वतःवरच होती.

तरीही ते पुढचे आठ दिवस गप्प राहिले. सांगू, आज सांगू, करत राहिले. बोलले ते थेट लढतीच्या संध्याकाळी, हॉलमागच्या खोलीत, जिथे एरवी मोडक्या खुर्च्या ठेवतात. उजवा हात बांधून झाला होता. डावा हातात घेतला आणि सगळं सांगून टाकलं: प्लॅस्टर खोली, डॉक्टर, पट्टा, शपथ.

पोराने हात ओढून घेतला.

“दोन वर्षं सर माझा हात खाली ओढतायत. तुम्ही रोज इथे समोर बसून बघताय. आणि आज सांगताय?”

मामांनी सुटलेली पट्टी गुंडाळून घेतली. मग पोराने हात पुन्हा खुर्चीच्या पाठीवर टेकवला. “बांधा. उशीर होतोय.” मामांनी पुन्हा मनगटापासून सुरुवात केली.

पहिल्या फेरीत त्याचा डावा खालीच होता. उस्ताद पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होता. वेल्डरचा उजवा ठोसा दोनदा गालाला चाटून गेला, तिसऱ्यांदा बसला, आणि पोराचे गुडघे क्षणभर वाकले. दुसऱ्या फेरीची घंटा झाली तसा त्याचा डावा हात गालापाशी गेला. सर कोपऱ्यातून ओरडले, “खाली! हात खाली!” तो खाली आला नाही. प्रेक्षकांनी शिट्ट्या मारल्या, मग हुर्यो उडवली. “उस्ताद कुठेय?” कुणीतरी किंचाळलं. पोरगं आठ फेऱ्या खेळलं. पाचव्या फेरीपासून दमलेला हात सारखा खाली घसरायचा आणि ते ओढून ओढून वर आणायचं. एका गुणाने हरलं.

खोलीत तीन पत्रकार आले. त्यातल्या एकाने विचारलं, “उस्तादांची शैली सोडायची चूक का केलीत?”

पोराने मामांकडे बघितलं. मामा हातातली कात्री ठेवून उभे राहिले.

“ती शैली नव्हती. खांदा फाटला होता. मी बांधलाय तो, या हातांनी. तुम्ही एकतीस वर्षं दुखण्याची आरती करताय.”

“वय झालंय त्यांचं,” सर घाईने म्हणाले. “हे लिहू नका.”

“पुरावा आहे काही?” दुसऱ्याने विचारलं.

“मग इतकी वर्षं का बोलला नाहीत?” तिसरी पत्रकार होती, एक तरुण बाई. याच एका प्रश्नाला मामा भीत होते.

तेव्हा पोराने डावा हात उचलला आणि सरळ डोक्यावर, छताकडे ताणून धरला. अर्धवट कापलेली पट्टी कोपरापर्यंत लोंबत होती. “बाई, उस्ताद बाहेरच आहेत. एवढा हात वर करून दाखवा म्हणावं. बाकी काही विचारू नका.”

बाकीचे दोघे हसले. बाई गेली. पाच मिनिटांनी दारात परत आली तेव्हा तिची वही उघडी होती.

“काय म्हणाले?” सरांनीच विचारलं.

“म्हणाले, गाडी खोळंबली आहे.”

“आणि हात?” मामा म्हणाले.

“केला ना वर. उजवा. लोकांना निरोप द्यायला.” तिने वहीत काहीतरी लिहिलं. “डावा म्हटल्यावर ऐकू आलं नाही असं दाखवलं. की खरंच आलं नाही?”

“तुम्ही कुठल्या बाजूला उभ्या होतात?”

“त्यांच्या डाव्या.”

“मग खरंच आलं नसेल,” मामा म्हणाले. “तेही लिहा. त्याचं कारणही सांगतो, बसा.”

सर दार आपटून निघून गेले. मामांनी बाईला सगळं पहिल्यापासून सांगितलं, आपण का गप्प बसलो तेसुद्धा, आणि ते सांगताना स्वतःला काही सूट दिली नाही. पोरगं गालावर बर्फ धरून ऐकत होतं. बाई गेल्यावर ते म्हणालं, “मी तुम्हाला माफ केलेलं नाही.”

“करू नकोस.”

“उद्या सहाला येतो. पाचव्या फेरीपासून खांदा भरून येतो, हात वर राहत नाही. त्याचं काय करायचं ते बघा.”

“मनगटाच्या वरचं सरांकडे आहे,” मामा म्हणाले.

“सर गेले,” पोरगं म्हणालं. “तुम्ही आहात.”